परवाने मोजले, पगार कोणी मोजला?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच शिकलेला एखादा सीरियन तरुण युद्धातून जीव वाचवून जॉर्डनमध्ये आला, तेव्हा त्याला तिथे इंजिनिअर म्हणून काम करता येईना. इंजिनिअरिंग, वैद्यकी, अध्यापन हे व्यवसाय परदेशी माणसाला बंद होते. मग उरले काय? शेत, बांधकाम, कारखाना.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत एक करार झाला. जॉर्डनने सुमारे दोन लाख सीरियनांना रोजगाराची संधी द्यायची आणि त्या बदल्यात त्याला आर्थिक मदत व युरोपच्या बाजारात सवलत मिळायची. ठरावीक औद्योगिक क्षेत्रांतल्या कारखान्यांनी सुरुवातीला १५ टक्के सीरियन कामगार ठेवले, तर त्यांचा माल सोप्या अटींवर युरोपात जाणार होता.

हेतू चांगला होता, पण यश मोजले गेले ते परवान्यांच्या संख्येवर. नूतनीकरण झालेला परवानाही त्या बेरजेत धरला गेला. किती ओळी कोड लिहिला यावरून आमचे काम मोजावे, तसेच हे.

परवाना मिळाला म्हणून चूल पेटत नाही. शेतीचे काम हंगामी, बांधकाम रोजंदारीवर. कपड्यांचे कारखाने घरापासून लांब, त्यामुळे लहान मुलांच्या आईला जाणे कठीण. शिवाय तिथे बांगलादेश, श्रीलंका, भारत, नेपाळमधून आलेले कामगार आधीपासूनच वसतिगृहांत राहून कमी पगारावर राबतात. एका गरिबाला दुसऱ्या गरिबासमोर उभे करून रोजगार वाढत नाही.

काम करूनही दारिद्र्यरेषेखाली राहणारी ही माणसे बेरोजगारीच्या आकड्यात दिसतच नाहीत.

सगळा दोष जॉर्डनच्या माथी मारणे बरोबर नाही. त्याच्याकडे पाणी कमी आणि त्याचे स्वतःचे तरुणही बेकार आहेत. जगातले ७० टक्क्यांहून अधिक निर्वासित कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात. श्रीमंत देश पैसे देऊन मोकळे होतात.

मित्रांनो, रमजानमध्ये आपण निर्वासितांसाठी वर्गणी काढतो. जरूर काढू या. पण सोबत हेही विचारू या: पगार किती? वेळेवर मिळतो का? मालक बदलता येतो का? इजा झाली तर खर्च कोणाचा? आणि हेच प्रश्न भिवंडीत यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या कामगाराबद्दलही विचारायला हवेत. त्याच्यासाठी आपल्याला लंडनच्या परिषदेची वाट पाहावी लागत नाही.