बाकावरची नवी मुलगी

जून उजाडला, की दप्तर, डबा, रेनकोट यांची गडबड सुरू होते. त्याच गडबडीत एक कुजबुजही कानावर येते, ‘‘त्या शाळेत बाहेरची पोरं फार झालीत म्हणे. आपल्या पोरीचं नाव दुसरीकडं घालूया का?’’

उचगावसारख्या गावात हा प्रश्न निघणारच. शेजारी गांधीनगरची कापडपेठ, जवळच शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती. पोटासाठी कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून येतं, कुणी कर्नाटकातून. मोठी माणसं कामाला जुंपतात. नव्या गावाशी खरी गाठ पडते ती पोरांची, तीही शाळेत.

मैत्रिणींनो, जरा विचार करा. सगळा वर्ग एकाच बोलीचा असेल आणि त्यात एकच मुलगी हिंदी बोलणारी आली, तर तिच्या प्रत्येक शब्दाला हशा पिकतो. ती गप्प राहायला शिकते आणि मग ‘अभ्यासात कच्ची’ ठरते. पण त्याच वर्गात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी सिंधी बोलत असतील, तर अडखळणारी ती एकटीच उरत नाही. चुकायची भीती गेली, की भाषा येते. आपल्या पोरांनाही कळतं, की वेगळं असणं म्हणजे कमी असणं नव्हे.

अर्थात, नुसतं एका खोलीत कोंबून हे घडत नाही. बाईंनी बाक बदलून बसवावं लागतं, खेळात गट मिसळावे लागतात. पोषण आहाराची खिचडी एका पंगतीत खाल्ली, तरच ओळख होते.

आपल्या मातीला हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवलं. शेजारच्या वळिवड्यात १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, कारण ती माणसं पाहुणी होती. फाळणीनंतर तिथंच सिंधी कुटुंबं आली. ती राहायला आली आणि इथलीच झाली. जो राहायला आलाय, त्याच्या पोराला वेगळं बसवून कसं चालेल?

कायदाही हेच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं आणि पाचवीपर्यंत वयाप्रमाणं वर्ग द्यावा लागतो. तुमच्या शेजारच्या खोलीतल्या ताईला हे ठाऊक नसेल, तर तेवढं सांगा.

आणि पालकसभेत मागच्या रांगेत एखादी आई पदर सावरत गप्प बसलेली दिसली, तर तिच्याशेजारी जाऊन बसा. पोरं शेवटी आपलंच बघून शिकतात.