मुकादम बदलला, दरवाजा तोच

कंपन्या नोकरभरतीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे का देतात? एचआरवाल्यांची उत्तरं ठरलेली आहेत. वेळ वाचतो, हजारो अर्ज चाळायला आपली माणसं अडकत नाहीत, आणि घेतलेला माणूस ठरलेल्या मुदतीत सोडून गेला तर एजन्सी दुसरा देते. ही कारणं खरी आहेत. पण बहुजनांच्या बाजूनं पाहिलं की आणखी एक कारण दिसतं, जे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं: कुणाला का नाकारलं, याचा जबाब कुणालाच द्यावा लागत नाही.

मी म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये राहते. आसपास कॉलेजं आहेत, हेब्बाळची औद्योगिक वसाहत जवळ आहे, त्यामुळे एजन्सीच्या फोनची वाट पाहणारी मुलं इथे नेहमी दिसतात. माझ्या भाचीला असा फोन आला तेव्हा पदवीबद्दल दोन प्रश्न होते आणि घराबद्दल पाच. मूळ गाव कोणतं, वडील काय करतात, हे आडनाव कुठलं, घरात इंग्रजी बोलता का, मांसाहार करता का. पुढे काहीच निरोप आला नाही. कंपनी म्हणाली, नावं एजन्सी पाठवते. एजन्सी म्हणाली, निकष कंपनीचे आहेत. मग दाद मागायची कुणाकडे?

हा एका घरचा अनुभव म्हणून सोडून देता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. 2007 साली निष्कर्ष छापून आले: सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं कमी होती, आणि मुस्लिम नावाला सुमारे दोन तृतीयांशानं. त्याच वर्षी कॅथरिन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लेख लिहिला. ते अधिकारी जात मानत नव्हते, फक्त मेरिट मानत होते. उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र त्यांना महत्त्वाची वाटत होती.

आता यात एजन्सीचा हिशेब मिसळा. तिची फी बहुतेक वेळा उमेदवाराच्या पगाराच्या प्रमाणात ठरते आणि माणूस रुजू झाल्यावरच हाती येते. म्हणजे गिऱ्हाईक नाकारणार नाही असाच उमेदवार पाठवणं तिच्या फायद्याचं. एजन्सीतल्या माणसाच्या मनात जातीचा द्वेष असायलाच हवा असं नाही. गिऱ्हाईकाची आवड ओळखून तो आधीच गाळणी लावतो. कंपनीसमोर यादी येते तेव्हा त्यात आपली मुलं नसतातच, आणि कंपनी छातीठोकपणे सांगते, ‘आमच्याकडे भेदभाव होत नाही.’

आपल्याला हा मध्यस्थ नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये भरती जॉबरच्या हातात होती. तो आपल्या गावची, नात्याची, जातीची माणसं आणायचा. मालकाला मजूर मिळत आणि त्यांच्यावर वचकही राही. त्याच गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणाई खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला होता. जॉबर गेला, त्याच्या जागी लॅपटॉप घेऊन एजन्सी बसली.

ही झाली माणूस शोधून देणारी एजन्सी. दुसरी एजन्सी माणूस आपल्याच पटावर ठेवते आणि कंपनीला किंवा सरकारला भाड्यानं देते. तिथे घाव आणखी खोल आहे. 2001 च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे नोकर होत नाहीत. मग सरकारलाही वाट सापडली. महाराष्ट्रात 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयानं नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याची सोय केली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं रस्त्यावर उतरली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पद सरकारी, पण माणूस एजन्सीचा. मग आरक्षण कशावर मोजायचं? संविधानातलं आरक्षण न हटवता रिकामं करण्याचा हा मार्ग आहे.

मी ज्या शहरात राहते त्याचा इतिहास इथे उपयोगी पडतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1902 साली निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. म्हैसूर संस्थानात नाल्वडी कृष्णराज वडियारांनी 1918 साली सर लेस्ली मिलर यांची समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचा भरणा किती आणि इतर समाज किती, हे आधी मोजलं गेलं, मग उपाय आले. दिवाण विश्वेश्वरय्यांना ही दिशा पटली नाही. त्यांनी त्याच वर्षी पद सोडलं, पण काम थांबलं नाही. त्याच परंपरेत मे 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं आउटसोर्स केलेल्या सरकारी पदांनाही आरक्षण लागू करण्याचं परिपत्रक काढलं. कागद चांगला आहे. आता खात्याखात्यांत जाऊन अंमलबजावणीचा हिशेब मागायचं काम आपल्या संघटनांचं आहे.

खाजगी क्षेत्रासाठी मागणी साधी ठेवू. एजन्सीनं किती अर्ज घेतले, कंपनीला किती नावं पाठवली आणि किती रुजू झाले, याची सामाजिक वर्गवारी दरवर्षी जाहीर व्हावी. घर, आडनाव आणि ताटातलं अन्न यांविषयीचे प्रश्न भरतीत बेकायदा ठरावेत. आणि एजन्सीनं भेदभाव केला तर जबाबदार कंपनीही धरली जावी, कारण काम तिचं आहे आणि पैसाही तिचाच.

मेरिटवर एवढा विश्वास असेल तर मोजणीला घाबरायचं कारण काय? मिलर समितीच्या वेळी मोजणी झाली म्हणून सत्य बाहेर आलं. आजही आधी आकडे मागूया.

जय भीम.