हिरव्या ठिपक्याच्या पुढे

वधू अमरावतीची आणि वर अकोल्याचा असा संबंध जुळला, की दोन्ही घरांत याद्या सुरू होतात. दागिने, वस्त्रे, मंगल कार्यालय, भोजन यांच्या जोडीला अलीकडे स्वागतसमारंभाच्या केकचीही नोंद त्या यादीत असते. ही प्रथा जैन विवाहविधीतली नव्हे, ती पाश्चात्त्य विवाहांतून आली. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या १८४० मधील विवाहाचा केक सुमारे ३०० पौंड वजनाचा होता. मुलांची हौस म्हणून ही प्रथा घरात येत असेल, तर तिला दारातूनच परत पाठवण्याचे कारण नाही. मात्र स्वयंपाकघराची परीक्षा तिलाही द्यावी लागेल.

बहुतेक कुटुंबे ‘अंडे नको’ एवढेच सांगून निश्चिंत होतात. अंड्याचे काम दही व खाण्याचा सोडा किंवा कंडेन्स्ड मिल्क यांनी भागते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. वेष्टनावरचा हिरवा ठिपका शासकीय व्याख्येनुसार असतो, आणि त्या व्याख्येत मध, मधमाश्यांचे मेण व लाख यांची गणना मांसाहारात होत नाही. श्रावकाचाराची पहिली पायरी मात्र मद्य, मांस आणि मधु या तीन मकारांचा त्याग ही आहे.

म्हणून केकची परीक्षा याच तीन शब्दांनी घ्यावी. मद्य : प्लम केकमधील सुकामेवा अनेकदा रममध्ये भिजवलेला असतो, काही व्हॅनिला इसेन्समध्येही अल्कोहोल असते. मांस : फोंडंट, मार्शमेलो, मूस यांत जिलेटीन असू शकते, आणि ते प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. मधु : मध आणि अंजिराचा केक हिरव्या ठिपक्यासह मिळतो, परंतु त्यातील मध वर्ज्य, आणि अंजीर पंच उदुंबर फळांत मोडणारे. सजावटीच्या काही चकचकीत गोळ्यांवर लाखेचा लेप असतो. गाजराचा केक आणि बिटाचा लाल रंग हे कंदमूळ होय, याचाही विसर पडू नये.

कापसाची गाठ वरवर पाहून कोणी भाव ठरवत नाही. आतला धागा ओढून पाहिला जातो. केकचेही तसेच. सुट्या केकवर घटकांची यादी नसली, तरी मिश्रण, क्रीम, केक जेल आणि रंग बेकरीत पाकिटांतूनच येतात. ती पाकिटे पाहण्यास मागावीत. अंड्याचे आणि बिनअंड्याचे केक एकाच भांड्यात, एकाच भट्टीत होतात का, हेही विचारावे. उत्तर टाळणाऱ्याला काम देऊ नये.

दुसरी परीक्षा वेळेची. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांसाठी केक सूर्यास्तापूर्वी कापला गेला पाहिजे. अकोल्यात मे महिन्यात सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो, डिसेंबरमध्ये पावणेसहाच्या सुमारास. मेमधील चार-पाचची वेळ म्हणजे वऱ्हाडातील भर उन्हाची, पारा कधी ४५ अंशांवर. लोणी मात्र ३५ अंशांच्या आतच वितळते. म्हणून उन्हाळ्यात मजल्यांचा क्रीमचा केक टाळून साधा मावा केक निवडावा. क्रीमचाच हवा असेल, तर तो समारंभाच्या गावीच करवून घ्यावा. अमरावती-अकोला हे सुमारे शंभर किलोमीटर त्याला उन्हात सोसणार नाहीत.

तिसरी परीक्षा मापाची. माणशी ५० ग्रॅम धरल्यास ४०० पाहुण्यांना २० किलो केक लागतो. कापण्यासाठी तीन किलोंचा शोभेचा केक आणि उरलेला त्याच मिश्रणाचा साधा केक आत कापून ठेवला, तर खर्च आणि नासाडी दोन्ही कमी होतात.

पंगतीतील वयोवृद्ध आजी व्याह्यांच्या घरी ‘यात काय आहे?’ असे विचारत नाहीत. घर जैन आहे, एवढ्या विश्वासावर त्या तुकडा तोंडात घालतात. त्यांनी न विचारलेला प्रश्न यजमानाने आठ दिवस आधी बेकरीत विचारलेला असावा, एवढीच या नव्या प्रथेची अट आहे.