चरबी गरिबाची, नफा कोणाचा?

स्थूलता हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत भ्रामक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली १२.६ टक्के भारतीय स्त्रिया अतिवजनी आढळल्या. २०१९-२१ मध्ये २४ टक्के. त्याच वेळी पाचांखालील ३५.५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती. कुपोषणाचीच ही दोन रूपे! शिधावाटपाची कायदेशीर हमी धान्यापुरतीच. डाळ, दूध, भाजी बाजाराच्या हवाली. तेथे श्रमिकाला परवडते ती पामतेलात तळलेली पुडी. आणि २०२५ साली पंतप्रधानांनी उपदेश केला तो तेल दहा टक्के कमी खाण्याचा! वास्तविक अंकुश कारखानदारांवर हवा. चिलीने २०१६ साली अशा पाकिटांवर काळे इशारे सक्तीचे केले. आपल्या २०२२ च्या मसुद्याने मात्र तारांकने सुचविली. रोगाला तारे बहाल करू पाहणारे शासन कोणाचे?