निवेदनं खूप झाली, नकाशा कुठे आहे?

आपल्या कुठल्याही बैठकीचं बॅनर आठवून पाहा. ‘मुस्लिम समाजाच्या समस्या व उपाय’. तारीख आणि पाहुण्यांचे फोटो बदलतात, विषय तोच राहतो. तीन वक्ते मागासलेपणाचे आकडे सांगतात, चौथा आरक्षणावर बोलतो, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनावर सह्या होतात. दुसऱ्या दिवशी निवेदन देतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि सगळे कामाला लागतात. आपापल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चुकांची यादी घेऊन त्या एकेक दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. म्हणूनच सांगतो, ती यादी संपली तरी चांगलं सॉफ्टवेअर तयार होत नाही. काय बनवायचं आहे, हे आधी ठरावं लागतं. ते ठरलेलं नसेल तर टीम वर्षानुवर्षं ठिगळं लावत बसते आणि जो मोठ्याने ओरडेल त्याचं ठिगळ आधी लागतं. आपलं हेच झालं आहे. आज टीव्हीवर जो वाद पेटेल तो उद्याचा आपला कार्यक्रम. विषय दुसरे ठरवतात, आपण खुलासे देतो.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम 13.4 टक्के आणि आयएएसमध्ये 3 टक्के, हे आपल्याला तोंडपाठ झालं. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. 2014 मध्ये 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला स्थगिती दिली नाही, तरी त्याचा कायदा झाला नाही. सरकारला याचा जाब विचारलाच पाहिजे. पण अहवाल म्हणजे निदान. निदानाचा कागद रोज वाचून कुणी बरं होत नाही. 2006 साली जन्मलेलं मूल आज मतदार आहे. त्याला आपण मागासलेपणाच्या आकड्यांशिवाय दुसरं काय सांगितलं?

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘घराला आग लागलेली असताना स्वप्नं कसली पाहता?’ आग विझवायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण आपल्याच परभणीचा इतिहास पाहा. 1972 हे मराठवाड्याच्या भीषण दुष्काळाचं वर्ष. लोक खडी फोडत होते. त्याच वर्षी 18 मे रोजी इथे कृषी विद्यापीठ स्थापन झालं. दुष्काळ संपू द्या, मग बघू, असं कुणी म्हटलं नाही. त्याच विद्यापीठाने पुढे पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण दिला आणि तो देशभर गेला. खडीची कामं गरजेची होती, पण पुढच्या पिढीच्या हाती आलं ते विद्यापीठ.

त्याहून जवळचं उदाहरण तुराबुल हक बाबांच्या उरुसाचं. उरुसापुढच्या ‘समस्या’ या विषयावर कुणी परिसंवाद भरवत नाही. उरूस कसा दिसायला हवा, हे हिंदू-मुसलमान सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी, वीज, दुकानांच्या जागा या अडचणी त्या चित्रापायी सुटतात. चित्र आधी डोळ्यांपुढे असतं, अडचणींचा क्रम त्यातून लागतो.

मागे दहावीच्या मुलामुलींना मार्गदर्शन करायला गेलो होतो. ‘तुमच्या मोहल्ल्यातल्या समस्या लिहा’ म्हटल्यावर दहा मिनिटांत पानं भरली. ‘वीस वर्षांनी तुमचा मोहल्ला कसा हवा?’ असं विचारलं तर बहुतेकांचे कागद कोरे. दोष मुलांचा नाही, हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता. एका मुलीने मात्र एकच वाक्य लिहिलं : ‘रात्री नऊ वाजता वाचनालयातून मला एकटीला चालत घरी येता यावं.’

या एका वाक्यात किती कामं आहेत मोजा. वाचनालय हवं, तेही रात्री उघडं. रस्त्यावर दिवे हवेत, नाली झाकलेली हवी. चौकात टवाळ पोरं नकोत, म्हणजे त्या पोरांना काम हवं. आणि सर्वांत अवघड म्हणजे तिला नऊपर्यंत बाहेर राहू देणारे अब्बा आणि अम्मी हवेत. यातली अर्धी कामं महानगरपालिकेची आहेत, अर्धी आपली स्वतःची. समस्यांच्या यादीत आपली कामं कधीच येत नाहीत. म्हणून तर ती यादी आपल्याला इतकी सोयीची वाटते.

निवेदनं बंद करा, असं मी म्हणत नाही. पण पुढचं निवेदन लिहिण्याआधी प्रत्येक मोहल्ल्याने एक पान लिहावं : 2045 मध्ये आम्हाला इथे कसं जगायचं आहे. लिहायला बाया आणि पोरं आधी बसवा, आम्ही पुरुष नंतर बसू. शेजारच्या दलित, मराठा वस्तीलाही तेच विचारा. बहुतेक ओळी सारख्याच निघतील. मग मागणी एकट्या मुसलमानांची राहणार नाही, ती शहराची होईल.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत आपण बरीच वर्षं हसलो. पण कशी बनवायची, हे ठरवलंच नाही, तर बनणार तरी कशी? ती मुलगी आता अकरावीत गेली. तिच्या वाक्याला उत्तर द्यायला आपल्याकडे फार वर्षं नाहीत.