पोते किती दिवस पुरते?



साखर कारखान्याच्या अंकात ‘साखर जरा कमी खा’ असे लिहायचे, म्हणजे ज्या फांदीवर बसायचे तीच तोडायची, असे कोणी म्हणेल. आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याने तसे म्हणूनही दाखविले. तरी आम्ही लिहिणार आहोत. कारण प्लॉटवर गेल्यावर बोलणे हुमणीपासून सुरू होते, तोडीच्या पाळीवर येते आणि निघताना सभासद हळूच म्हणतो, “साहेब, डॉक्टरनं दहा किलो उतरवायला सांगितलंय. भाकरी कमी केली, भात सोडला. पण गोड काही सुटत न्हाई बघा.” हे वाक्य आम्ही इतक्या वस्त्यांवर ऐकले आहे की, पाचटाच्या लेखाआधी हा लेख घ्यावा असे ठरविले.

आधी ती फांदीची शंका काढून टाकू. देशात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते आणि तिचा मोठा वाटा घरच्या डब्यात जात नाही. तो शीतपेये, बिस्किटे, आइस्क्रीम आणि मिठाई करणाऱ्यांकडे जातो. शिवाय कारखानदारी आता नुसत्या साखरेवर उभी नाही. इथेनॉल आहे, सहवीजनिर्मिती आहे. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत देश पोचला. आणि उसाचा किमान दर केंद्र सरकार उताऱ्यावर ठरवते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये असा तो ठरला. तुम्ही चहात अर्धा चमचा कमी टाकलात म्हणून बॉयलर थंड पडणार नाही. उलट ऊस लावणारा सभासदच अंथरुणाला खिळला तर कारखान्याला ऊस आणणार कोण?

हे आम्ही उगाच भीती घालायला म्हणत नाही. खोडव्याच्या रानात धसकट पायात घुसणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट. साध्या माणसाची जखम आठ दिवसांत भरते. मधुमेह जुना झालेल्याच्या पायाला पुष्कळदा संवेदनाच राहत नाही. धसकट लागलेले कळत नाही, कळते ते पाय सुजल्यावर. अशा जखमेपायी पायाचे बोट गमावलेले आणि बागायत रान वाट्याने देऊन बसलेले सभासद आमच्या पाहण्यात आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. हा रोग आता शहरापुरता राहिलेला नाही. नुसती साखर खाल्ल्याने मधुमेह होतो असे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. घराण्यातला वारसा असतो, वाढलेले वजन असते, बसून राहणे असते. पण वजन वाढविण्याच्या कामी साखरेचा हात मोठा आहे आणि तो हात आपल्याला धरता येतो.

मागच्या पिढीचे लोक काकवी ओरपायचे, गुळाचा खडा तोंडात टाकून मोटेवर जायचे, त्यांना कुठे काय झाले, असा प्रश्न हटकून येतो. त्यांनी मोट हाकली, बैलांमागे सरी धरली, उसाची मोळी डोक्यावरून गाडीत चढविली. आज पाण्याला ठिबक, नांगरटीला ट्रॅक्टर, आणि मोटर तर घरात बसून मोबाइलवर चालू होते. तोड करतो तो ऊसतोड मजूर. पहाटे चारला कोयता हातात घेणाऱ्या त्या माणसाचा गोडमिट्ट चहा दिवस उगवायच्या आत जळून जातो. तोच चहा, तेवढ्याच साखरेचा, बांधावर उभा राहून आपण घेतो. चहा एकच, पण कष्ट एक नाहीत.

आता पोत्याचा हिशेब घेऊ. समजा दिवाळीला सवलतीच्या दराने ५० किलो साखर घरी आली आणि घरात पाच माणसे आहेत. पोते वर्षभर पुरले तर माणशी वर्षाला १० किलो, म्हणजे दिवसाला सुमारे २७ ग्रॅम पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, तसेच मध, रस यांतली साखर, सारी मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी. ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यास आणखी चांगले. हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, लहान सपाट सहा चमचे. म्हणजे वर्षभर पुरणारे पोते जवळजवळ बसते. पण ते वर्षभर पुरते का? तेच पोते पाच महिन्यांत संपले तर माणशी रोज ६६ ग्रॅम झाले. त्यात एसटी स्टँडवरचा चहा नाही, बेकरीतली खारी-बटर नाही, लग्नातली जिलेबी नाही. मग घरातले माणूस शपथेवर सांगते की, “मी गोड खातच नाही, नुसता चहा घेतो.” त्याचे काही खोटे नसते. दोन चमच्यांचे सहा चहा झाले की बारा चमचे पोटात गेले, हे त्याच्या लक्षातच येत नाही. खताच्या पोत्याचा हिशेब आपण एकरी ठेवतो, साखरेच्या पोत्याचा मात्र कोणीच ठेवत नाही.

आता गोड सुटत का नाही, हा खरा प्रश्न. पुष्कळांना वाटते, आपले मनच कच्चे आहे. आमचे मत तसे नाही. गोडाची ओढ बहुतेक वेळा ठरावीक वाटेने येते आणि ती वाट शोधता येते. रात्रीच्या पाळीची थ्री-फेज लाइट आली की दोनला उठून पाणी पाजायला जायचे, झोप चार तासांची. असल्या दिवशी अंग भुकेजून गोडच मागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे तपासून सिद्ध झालेले आहे. दुसरी वाट रिकाम्या पोटाची. सकाळी चहा-बिस्किटावर निघायचे, दुपारी दोनपर्यंत काही नाही. मग समोर पेढ्याचा बॉक्स आला तर दोनावर हात कसा थांबेल? वजन उतरवायचे म्हणून भाकरी तोडणाऱ्यांचे नेमके हेच होते. तिसरी वाट निव्वळ सवयीची: जेवण झाले की गुळाचा खडा, चार वाजले की चहा. तिथे पोटाचा काही संबंध नसतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, वजन उतरवायचे आहे त्याने सकाळची न्याहारी सोडू नये. भाकरी-पिठले, मटकीची उसळ, अंडे खाणारा असेल तर अंडे, वाटीभर ताक, असे पोटाला आधार देणारे खावे. पोट भरलेले असले की चारची हाक निम्म्याने कमी येते. गोड खायचेच तर जेवणाच्या शेवटी, बसून, ताटात वाढून घेऊन खावे. उभ्या-उभ्या डब्यात हात घालून खाल्लेले गोड कधी मोजले जात नाही.

दुसरे, एकदम सोडू नका. पाडव्याला शपथ घ्यायची, “आजपासून साखर बंद”, आणि अक्षय तृतीयेला आमरसाच्या दोन वाट्या रिचवायच्या. मग “गेलंच आता सगळं” म्हणून रोजचेच चालू. असे शपथवीर गावोगाव आहेत. दोन चमच्यांच्या जागी दीड करा, पंधरा-वीस दिवस तिथेच थांबा, मग एक करा. जिभेला थोड्या आठवड्यांत कमी गोडाची सवय होते. नंतर पहिला चहा कोणी दिला तर तोच पाकासारखा लागतो. घरात चहा वेगळा करायला लावू नये, सगळ्यांचाच कमी गोड करावा. माउलीला दोन पातेली चढवायला लावणारे पथ्य चार दिवस टिकत नाही.

तिसरी गोष्ट पळवाटांची. गूळ ही आपली लाडकी पळवाट. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण उष्मांक साखरेच्या जवळपास तितकेच. चहात साखरेऐवजी गूळ दुप्पट घातला तर वजनाला फायदा काय? मधाचेही तेच. शुगर-फ्रीच्या गोळ्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये. त्याने लांबच्या मुदतीत चरबी उतरत असल्याचे दिसत नाही. गोडाची ओढही त्याने तशीच राहते.

आणि उसाचा रस! इथे आम्हाला अधिकाराने बोलता येईल, कारण ब्रिक्स मोजणे हा आमचा धंदाच आहे. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स हँड रिफ्रॅक्टोमीटरवर १८ ते २० दिसतो, म्हणजे १०० ग्रॅम रसात १८ ते २० ग्रॅम विरघळलेला पदार्थ आणि त्यात बहुतांश साखर. बर्फ सोडून २०० मिलि रस प्यालात तर ३० ते ३५ ग्रॅम साखर दोन मिनिटांत पोटात. वर दिलेली दिवसाची मर्यादा तिथेच संपली. २५० मिलिच्या शीतपेयाच्या बाटलीतही २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. नैसर्गिक म्हणून रसाला माफी नाही. त्यापेक्षा कांडे सोलून खा. एक कांडे चघळायला वेळ लागतो, जबडा दुखतो, चोयट्या थुंकाव्या लागतात, आणि दुसरे घ्यायचे जिवावर येते. आमच्या मते गोड खाण्याची ही सर्वांत शहाणी रीत आहे, फक्त दात पाहिजेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र त्यातही प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सगळ्यांत अवघड जागा ती नाही. अवघड आहे ते पाहुण्यांचे आणि भावकीचे. “एक तरी घ्या, आमच्या घरचं नको का?” असे म्हटल्यावर ऊस उत्पादकाने साखर नाकारायची म्हणजे यजमानाचा अपमान. बारशाचे पेढे, सत्यनारायणाचा शिरा, सोसायटीच्या निवडणुकीची जिलेबी. महिन्यात असे दिवस किती येतात ते कॅलेंडरवर खुणा करून बघा. आम्ही शेतकी खात्याची माणसे ऊसनोंदीला निघालो की एका दिवसात आठ वस्त्यांवर आठ चहा समोर येतात. त्यावर आम्ही अर्धा कप बिनसाखरेचा असे आधीच सांगून ठेवले आहे. पहिल्या वर्षी लोक हसले, आता न सांगता तसाच येतो. तेव्हा आपणही प्रसादाला प्रसादाइतकेच घ्यावे, होळीला पोळी जरूर खावी, पण पैज लावून नव्हे. आणि वाढणाऱ्याने एकदा नको म्हटल्यावर पुन्हा आग्रह करू नये. ताटातला पाहुणा गोळ्या खिशात घेऊन हिंडत असेल, तो सांगत नाही इतकेच.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी ध्यानात घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनाने जेवण तोडणे, कडकडीत उपास धरणे धोक्याचे आहे. साखर फार उतरली की दरदरून घाम येतो, हातपाय कापतात, बोलणे बरळल्यासारखे होते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी. तेव्हा साखर हेच औषध. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. रानात एकटे जाणाऱ्या अशा सभासदाने खिशात साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे.

आता एक सूचना, जी मांडायचा अधिकार आमचा नाही, पण मत आमचे आहे. सवलतीची साखर दिवाळीला एकदम न देता तीन-चार हप्त्यांत उचलण्याची मुभा सभासदास असावी. उसाला नत्र आपण चार हप्त्यांत देतो. लागणीला १० टक्के, पुढे ४०, मग १०, आणि मोठ्या बांधणीला ४०. सगळा युरिया एका दिवशी टाकला तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. घरात पोते उघडे असले की हात सैल सुटतो. यात कोणाची साखर कमी करण्याचा मुळीच विचार नाही. हक्काची आहे ती पूर्ण मिळावी, पण नेण्याची सोय असावी. वार्षिक सभेत कोणा सभासदाने हा विषय मांडला तर संचालक मंडळ त्याचा विचार करील, असे वाटते. त्यातले वाटपाचे हिशेब वाढतील, गट ऑफिसच्या क्लार्कला त्रास होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. क्लार्कने आताच हात जोडले आहेत.

तोवर इतके करा. या दिवाळीला पोते उघडाल त्या दिवशी त्यावर काळ्या खडूने तारीख घाला आणि संपेल त्या दिवशीची तारीख खाली लिहा. सुरू हंगामाच्या नोंदीला आमचे चिटबॉय वस्तीवर येतील, तेव्हा ते क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख विचारतील. त्यांना पोत्यावरची तारीखही विचारायला आम्ही सांगितले आहे. चहा अर्धाच द्या.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग