डोनेत्स्कची लढाई आणि आपली तेलाची पिशवी

मार्च 2022 मधली गोष्ट. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाच्या पिशव्या फळीवर दिसेनात. दुकानदाराने त्या गल्ल्यामागे, स्वतःच्या पायाशी ठेवल्या होत्या. "घरटी दोनच देतोय, काकू," तो म्हणाला. माझ्या पुढच्या बाईंनी चार मागितल्या. मिळेनात, तेव्हा नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. त्याच्या नावावर आणखी दोन मिळतील म्हणून. भाव बघता बघता दोनशेच्या घरात गेला होता.

ती रांग मी विसरलेले नाही. कारण ती सुरू झाली होती आठ वर्षं आधी, हजारो किलोमीटरवरच्या एका कोळशाच्या मुलखात.

युक्रेनच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून डोनबास नावाचा भाग आहे. खाणींचा, पोलादाच्या भट्ट्यांचा. डोनेत्स्क आणि लुहान्स्क हे त्यातले दोन जिल्हे. तिथे बहुतेक घरांत रशियन बोलतात. पण म्हणून सगळ्यांना रशियात जायचं होतं असं समजू नका. 1991 मध्ये युक्रेन स्वतंत्र व्हावा का, असं लोकांना विचारलं, तेव्हा या दोन्ही जिल्ह्यांत मतदान करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले होते.

2014 च्या मार्चमध्ये रशियाने क्रिमिया घेतला. एप्रिलमध्ये डोनबासमध्ये हत्यारबंद लोकांनी सरकारी कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि आम्ही वेगळे झालो म्हणून जाहीर केलं. त्यांच्या पाठीशी रशियाची माणसं आणि शस्त्रं होती. जुलैमध्ये त्याच भागावरून जाणारं मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं. 298 माणसं गेली. त्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. पुढे मिन्स्कमध्ये दोनदा करार झाले, दोन्ही टिकले नाहीत. आठ वर्षांत सुमारे 14 हजार माणसं मेली. आणि 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य सगळ्या युक्रेनवर चालून गेलं.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. युक्रेन बहुतेक डिझेल आणत होता कुठून? रशियातून आणि रशियाच्या बाजूच्या बेलारूसमधून. म्हणजे ज्याच्याशी वैर, त्याच्याच हातात चुलीचं सरपण. युद्ध पेटलं आणि तो पुरवठा एका दिवसात तुटला. क्रेमेन्चुक इथे त्यांचा मोठा तेल शुद्धीकरण कारखाना होता. एप्रिलमध्ये त्याच्यावर क्षेपणास्त्रं पडली. मे महिन्यात कीव्हच्या पेट्रोलपंपांवर तासन् तास रांगा होत्या आणि गाडीमागे दहा-वीस लिटरच मिळत होतं.

जर्मनीसारख्या श्रीमंत देशाचंही तेच. त्यांचा निम्म्याहून जास्त गॅस रशियातून यायचा. त्या वर्षी तिथल्या सरकारी कचेऱ्यांना थंडीत 19 अंशांपेक्षा जास्त ऊब ठेवायला बंदी झाली. थंडीच्या देशात हे सोपं नाही.

आणि आपण? आपल्याला लागणाऱ्या दर शंभर लिटर कच्च्या तेलातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येतं. खायच्या तेलातलंही निम्म्याहून जास्त. त्यात सूर्यफुलाचं तर जवळजवळ सगळं बाहेरचं, आणि तेव्हा त्यातलं बहुतेक एकट्या युक्रेनचं. उरलेल्यातलं बरंचसं रशियाचं. म्हणजे लढणारे दोघे, आणि आपली कढई दोघांच्या मधोमध.

सगळं घर एकाच खुंटीला टांगू नये, असं माझी सासू म्हणायची. ती कपड्यांबद्दल म्हणायची. मला ते तेव्हापासून तेलाबद्दल आठवतं.

युद्ध थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. घर सांभाळणं आहे. म्हणून हे सांगते आहे.

सगळ्यात आधी, साठा करू नका. तेलाची बातमी आली की पिशव्या भरून आणायच्या नाहीत. तुम्ही सहा नेल्या की मागची बाई रिकाम्या हाताने जाते. ती रोजंदारीवरची असते आणि एका वेळी पावशेरच घेते. शिवाय महाग भावात भरलेलं तेल तुम्हालाच खायचं असतं. त्या मार्चमध्ये ज्यांनी डबे भरले, त्यांनी पुढचे चार महिने चढ्या भावाचं तेल खाल्लं. नेहमीपेक्षा एक पिशवी जास्त ठेवा, बस.

आणि पेट्रोल तर घरात अजिबात आणू नका. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा आमच्या वाड्यातल्या एकांनी पेट्रोलचा कॅन मोरीत आणून ठेवला. मोरीत बंब. सकाळी बंब पेटवताना वाफेने भडका घेतला. घरातला दहा वर्षांचा मुलगा आंघोळीला म्हणून टॉवेल घेऊन उभा होता. त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत भाजला. तो आता चाळिशीच्या पुढे आहे, अजून भर उन्हाळ्यातही पायजमाच घालतो. पेट्रोल महाग झालं तर झालं. ते पंपावरच राहू द्या.

मग हिशेब करा. खरंच कागद-पेन्सिल घेऊन बसा.

22 मार्च ते 6 एप्रिल 2022 या पंधरा दिवसांत पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी चढलं. मुंबईत 120 रुपये 51 पैसे झालं. सगळे हबकले. पण तुम्ही रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवता आणि ती लिटरला पन्नास देते असं धरा. महिन्याचे सव्वीस दिवस. एकवीस लिटर. म्हणजे वाढलेला खर्च 210 रुपये. हा आकडा लहान नाही, पण त्याने घर बुडत नाही. तो कुठून काढायचा हे ठरवता येतं. न मोजलेली भीतीच जास्त खाते.

भाजीचंही मोजून बघा. नाशिकहून वाशीला येणारा कांद्याचा ट्रक जाऊन-येऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर करतो. लिटरला चार किलोमीटर धरलं तर डिझेलच्या दहा रुपये वाढीने त्याचा खर्च नऊशेच्या आत वाढतो. ट्रकमध्ये दहा टन कांदा असला तर किलोमागे नऊ पैसे. लहान टेम्पो असेल तर पस्तीस-चाळीस पैसे. त्यात ट्रॅक्टरचं, पंपाचं डिझेल धरा, आणखी थोडे. पण "युद्धामुळे कांदा पाच रुपयांनी वाढला" असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. तसंच, हातगाडीवरच्या भाजीवालीशी भांडूही नका. भाव ती ठरवत नाही. ती पहाटे मार्केटमधून मिळेल त्या भावाने आणते.

फरक इतकाच ध्यानात ठेवा. जी वस्तू लढाईच्या मुलखातूनच येते, तिचा भाव खरोखर चढतो. सूर्यफूल तेलाचा चढला. जी वस्तू आपल्याकडचीच आहे आणि फक्त गाडीने येते, तिचा थोडाच चढायला हवा. बातमी ऐकली की आधी विचारा, ही वस्तू येते कुठून?

आता खुंट्या वाढवा. स्वयंपाकाचं तेल दर दोन-तीन महिन्यांनी बदलून बघा. शेंगदाण्याचं आपलं. करडईचं तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याचंच. माझ्या आजीच्या घरी दुसरं तेलच नव्हतं. घाण्याचं महाग पडतं, मला माहीत आहे. पण फोडणीला चमचाभर कमी घातलं तर पिशवी चार दिवस जास्त पुरते. हे मी करून बघितलंय, भाजीची चव जात नाही.

गॅसचाही विचार करा. आपल्याकडे लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा भाग बाहेरूनच येतो. मुंबईत घरगुती सिलिंडर मे 2022 मध्येच हजाराच्या पुढे गेला आणि जुलैमध्ये आणखी चढला. परवडत असेल तर विजेची एक शेगडी घरात असू द्या. नसेल परवडत तर डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकर लावा, कुकरमध्ये एकावर एक डबे ठेवा. आपल्या आयांनी हे सगळं केलंय.

गाडीच्या चाकात हवा बघा. जिथे एसटी, लोकल, बस जाते तिथे आठवड्यातून दोन दिवस तरी तिने जा. एकदम सगळं सोडायची शपथ घेऊ नका, ती आठवडाभरही टिकत नाही.

ज्यांचं पोट बाहेरच्या गिऱ्हाइकावर आहे, त्यांना वेगळं सांगायचंय. युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं तेल स्वस्त झालं, आणि आपल्या देशाने ते भरपूर घेतलं. आधी ते शंभरात दोनही नव्हतं, पुढे पस्तीसच्या वर गेलं. त्याने देशाला आधार मिळाला. पण त्याच कारणावरून अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 ला आपल्या बऱ्याच मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. सोलापूरचे टॉवेल अमेरिकेला जातात. विणणाऱ्याने रशियाचं तेल कधी डोळ्यांनीही बघितलेलं नसतं. तुमच्या कारखान्याचा माल एकाच देशात जात असेल, तर कामात तेजी असतानाच दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढत जा. हप्त्यावरची नवी गाडी थोडी थांबू शकते.

मोबाइलवर जे येतं ते लगेच पुढे पाठवू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये विमानं पाडल्याचे म्हणून जे व्हिडिओ फिरले, त्यातले काही चक्क संगणकावरच्या खेळातले होते. लोक ते बघून टाळ्या वाजवत होते. कुठल्या बाजूची तरी माणसं मरताहेत यावर टाळी वाजवायची सवय मुलांना लागू देऊ नका. डोनेत्स्कमध्ये तळघरात बसलेल्या बाईला तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात याने काही फरक पडत नाही. तिला पाणी हवं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या पोरांबद्दल.

रशियात 'हेल्पर'ची नोकरी, चांगला पगार, पुढे तिथेच राहायची सोय, असं सांगून एजंटांनी आपल्या देशातल्या कितीतरी तरुणांना नेलं. तिथे गेल्यावर पासपोर्ट काढून घेतला, रशियन भाषेतल्या कागदावर सही घेतली आणि थोड्या दिवसांच्या शिक्षणावर आघाडीला पाठवलं. जानेवारी 2025 मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की रशियन सैन्यात गेलेले 126 भारतीय त्यांना माहीत आहेत. त्यातले 12 मेले होते, 16 बेपत्ता होते.

म्हणून एजंट घरी आला, की चहा द्या आणि विचारा. तुमचा सरकारी नोंदणी क्रमांक काय? तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणी असलेल्या एजंटला 30 हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घेता येत नाही. लाखांत मागत असेल तर तिथेच उठा. नोकरीला नेतोय आणि व्हिसा पर्यटकाचा किंवा विद्यार्थ्याचा, तर नाही म्हणा. जी भाषा वाचता येत नाही त्या कागदावर सही नाही, हे मुलाकडून वदवून घ्या. शेत गहाण टाकायच्या आधी हे करा.

डॉक्टरीला बाहेर पाठवणाऱ्या आईबापांनो, तुमची अडचण मला कळते. इथली फी झेपत नाही. युक्रेनमध्ये आपली हजारो मुलं त्याच कारणाने होती. पण फीच्या कागदाबरोबर नकाशाही बघा. ज्या देशाच्या सीमेवर असा अर्धवट विझलेला वाद आहे, तिथल्या सीमेपासून लांबचं शहर निवडा. आपल्या वैद्यकीय आयोगाचा 2021 चा नियमही वाचा. 54 महिन्यांचं शिक्षण एकाच कॉलेजात व्हावं लागतं. मध्येच पळून यावं लागलं, तर वर्षं लटकतात. युक्रेनहून आलेल्या मुलांचे ते हाल मी बघितलेत. पुढे त्यांच्यासाठी दुसऱ्या देशातल्या कॉलेजात शिकायची सोय करावी लागली.

आणि दूतावास "निघा" म्हणाला, की निघायला सांगा. 15 फेब्रुवारी 2022 ला आपल्या दूतावासाने तिथल्या विद्यार्थ्यांना तात्पुरतं परत जायचा विचार करा असं कळवलं होतं. नऊ दिवस हातात होते. कॉलेजं ऑनलाइन शिकवायला तयार नव्हती, तिकिटं महाग होती, हजेरी बुडेल म्हणून मुलं थांबली. 1 मार्चला खारकीव्हमध्ये खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी गोळीबारात गेला. हजेरी भरून निघते. तिकिटाचं कर्ज फिटतं.

आमच्या ओळखीतली एक मुलगी तेव्हा रुमानियाच्या सीमेवरून आली. शेवटचे काही किलोमीटर बर्फात चालत. थंडीने फोन बंद पडला होता. तिच्या बापाने जाताना एका पुठ्ठ्यावर नंबर लिहून दिले होते आणि तिने हसत ते पेन्सिलच्या डबीत टाकले होते. सीमेवर तिने दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागून त्या पुठ्ठ्यावरचा नंबर लावला. आईने उचलला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

तुमचं मूल कुठल्याही परदेशात असेल, तर असा पुठ्ठा आज रात्रीच लिहायला सांगा. तिथल्या आपल्या दूतावासाचा नंबर. घरचे दोन नंबर. रक्तगट. मागच्या बाजूला पासपोर्टचा क्रमांक. पेनाने लिहा, आणि वरून चिकटपट्टी लावा, म्हणजे भिजला तरी शाई पसरणार नाही.